यूपीएस भरलं, नवऱ्याचा जुन्या पेन्शनचा अर्ज अडकलाय, आणि सासऱ्यांना आलेला तो मेसेज

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही मुंबईत केंद्र सरकारी कार्यालयात सप्टेंबर २००९ पासून, निवृत्ती सप्टेंबर २०३१ ला, गेल्या नोव्हेंबरात यूपीएसचा, म्हणजे हमी असलेल्या एकीकृत पेन्शन योजनेचा, विकल्प भरलाय आणि आता झोप लागत नाही. यजमान राज्य सरकारकडे एप्रिल २००६ मध्ये रुजू झाले, भरतीची जाहिरात ऑगस्ट २००५ ची. त्यांनी २०२४ मध्ये जुन्या पेन्शनचा विकल्प दिला, पण कार्यालय म्हणतंय जाहिरातीचा पुरावा आणा. आणि सासरे २००४ ला केंद्रातून निवृत्त झालेले, त्यांना व्हॉट्सअॅपवर कोणीतरी पाठवलंय की नव्या कायद्यामुळे जुन्या पेन्शनरांना आठवा वेतन आयोग लागू होणार नाही.

मी राज्य सरकारच्या एका कार्यालयात ३१ वर्षं आस्थापना शाखेत काढली. त्यातली शेवटची बारा वर्षं फक्त पेन्शनची प्रकरणं. तुमच्या घरातल्या तिघांपैकी सगळ्यात निकडीचं काम यजमानांचं आहे, म्हणून आधी तेच घेते.

राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना १९८२ चे निवृत्तिवेतन नियम, म्हणजे जुनी पेन्शन, लागू नाहीत. त्यांना आधी डीसीपीएस आणि मग एनपीएस, म्हणजे पगारातून वर्गणी कापून बाजारात गुंतवणाऱ्या योजना. मार्च २०२३ चा संप आठवत असेल, "एकच मिशन, जुनी पेन्शन". १४ तारखेला सुरू झाला आणि २० ला मागे घेतला. त्यानंतर ४ जानेवारी २०२४ ला मंत्रिमंडळाने ठरवलं आणि २ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय निघाला, की ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची आहे पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुन्या पेन्शनचा एकदाच विकल्प मिळेल. केंद्राने हेच ३ मार्च २०२३ ला केलं होतं, तिथली कट-ऑफ तारीख २२ डिसेंबर २००३, कारण त्या दिवशी एनपीएसची अधिसूचना निघाली होती.

म्हणजे यजमान कधी रुजू झाले याला इथे महत्त्व नाही, जाहिरात कधी आली याला आहे. आणि तीच तारीख नेमणूक आदेशात बहुतेक वेळा नसते! आदेशात "निवड समितीच्या शिफारशीनुसार" एवढंच लिहिलेलं असतं. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर जन्मतारीख, जात, ओळखीची खूण, अंगठ्याचे ठसे सगळं असतं, जाहिरातीचा रकानाच नाही.

माझ्या हाताखाली एक मुलगा होता, मार्च २००६ मध्ये रुजू झालेला. त्याच्याकडे परीक्षेचं प्रवेशपत्रसुद्धा उरलं नव्हतं. कार्यालयाच्या जुन्या नस्त्या २००५ च्या जुलैच्या पुरात भिजल्या आणि नंतर निर्लेखित, म्हणजे रीतसर नष्ट, झाल्या. त्याने काय केलं, तर दादरच्या एका ग्रंथालयात तीन शनिवार बसून २००५ च्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड चाळले. तिसऱ्या शनिवारी दुपारी त्याचा फोन आला, बोलताना आवाज फुटत होता. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, विवाहविषयक छोट्या जाहिरातींच्या वर ती जाहिरात होती. पदाचं नाव, जागा किती, अर्जाची शेवटची तारीख, सगळं. ग्रंथालयाकडून शिक्क्यानिशी प्रत घेतली, खंडाचा क्रमांक आणि पान प्रतीवरच लिहून घेतलं. ते एक पान लागलं आणि त्याचं प्रकरण मार्गी लागलं.

यजमानांनी दोन्ही बाजूंनी सुरुवात करावी. एक, वर्तमानपत्राचा शोध. दोन, ज्या कार्यालयाने भरती केली त्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. अर्जात "जाहिरातीची प्रत" एवढंच मागू नका. जाहिरात प्रसिद्धीसाठी पाठवल्याचं पत्र, वर्तमानपत्राच्या बिलाची नोंद, निवड यादी आणि निवड समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, हे वेगवेगळं मागा. जाहिरातीचा कागद गहाळ असतो, पण बिलाची नोंद लेखाशाखेत सापडते, हा माझा अनुभव आहे. सोबत रुजू झालेल्यांपैकी कोणाचं प्रकरण मंजूर झालं असेल तर त्याच्या आदेशाची प्रत जोडा. एकाच भरतीतल्या एकाला जुनी पेन्शन आणि दुसऱ्याला नाही, असं कार्यालयाला टिकवता येत नाही.

एक गोष्ट मात्र आजच करा. कार्यालयाने तोंडी सांगितलं असेल तर ते लेखी मागा. नाकारलं तर कारणासह आदेश मागा. त्या आदेशाविरुद्ध महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटमध्ये, जाता येतं, आणि त्याची मुदत साधारण एक वर्षाची असते. तोंडी "बघू" वर थांबलेल्या माणसाच्या हातात काहीच उरत नाही. आम्ही स्वतः लोकांना "बघू" म्हणून परत पाठवायचो, ते आज मला बरोबर वाटत नाही.

अर्ज मंजूर झाला तर एनपीएस खातं बंद होऊन भविष्य निर्वाह निधीचं खातं उघडतं, यजमानांच्या वर्गणीचे पैसे तिकडे जातात, सरकारचा हिस्सा सरकारकडे परत. आणि मंजूर नाही झाला तरी ते उघड्यावर पडत नाहीत. १ मार्च २०२४ ला विधिमंडळात सुधारित एनपीएस जाहीर झाली, शेवटच्या पगाराच्या ५० टक्के पेन्शन, त्यावर महागाई वाढ, आणि त्या पेन्शनच्या ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन. शिवाय २५ ऑगस्ट २०२४ ला केंद्राची यूपीएसही राज्य मंत्रिमंडळाने स्वीकारली. पण या विकल्पांवर सही करायची वेळ आली तर अर्जावर स्वच्छ लिहा, की "जुन्या निवृत्तिवेतनाचा माझा दि. अमुकचा अर्ज प्रलंबित असून त्यावरील हक्क अबाधित ठेवून हा विकल्प देत आहे." आणि पोच घ्या. विकल्पाची मुदत सध्या काय चालू आहे ते आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडून, म्हणजे पगारबिल काढणाऱ्या अधिकाऱ्याकडून, लेखी विचारून ठेवा.

आता तुमचं. तुम्ही चूक केली असं मला वाटत नाही, पण काय घेतलंय ते आकड्यात पाहा, मन शांत होईल.

यूपीएस १ एप्रिल २०२५ पासून आहे. २५ वर्षं सेवा असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन. कमी सेवा असेल तर त्या प्रमाणात. तुमची २२ वर्षं म्हणजे २६४ महिने होतील. समजा तेव्हा सरासरी मूळ वेतन ६०,००० असलं, तर निम्मे ३०,०००, त्याला २६४ ने गुणा आणि ३०० ने भागा. २६,४०० रुपये महिना, वर महागाईवाढ. शिवाय एकरकमी. पूर्ण केलेल्या प्रत्येक सहा महिन्यांमागे मूळ अधिक महागाई भत्त्याचा दहावा भाग. मूळ आणि भत्ता मिळून ९०,००० धरले तर ९,००० गुणिले ४४, म्हणजे ३ लाख ९६ हजार. ग्रॅच्युइटी वेगळी, जून २०२५ च्या आदेशाने यूपीएसवाल्यांनाही ती लागू झाली. तुमच्या मागे यजमानांना तुमच्या पेन्शनच्या ६० टक्के. दहा वर्षं सेवा असलेल्याला किमान १०,००० ची हमी आहे, ती तुम्हाला लागणार नाही.

याची किंमत काय? एनपीएसमध्ये साठलेल्या रकमेतले ६० टक्के तुमच्या हातात येतात आणि ४० टक्क्यांची अॅन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून मिळणारी ठरावीक पेन्शन, घ्यावी लागते. यूपीएसमध्ये हमीच्या बदल्यात साठा सरकारी निधीत जमा होतो. त्यातून ६० टक्क्यांपर्यंत काढता येतात, पण पेन्शन तेवढ्या प्रमाणात घटते. आणि तुम्ही दोघंही गेल्यावर मुलांना त्या साठ्यातलं काही येत नाही. तुम्ही लिहिलंय की मुलगी शिकतेय आणि कांदिवलीच्या घराचं कर्ज २०३३ पर्यंत आहे. निवृत्तीनंतर दोन वर्षं हप्ता भरायचाय. अशा घराला दर महिन्याला ठरलेली आणि महागाईबरोबर वाढणारी रक्कम जास्त उपयोगाची, असं माझं मत आहे. बाजार चढला तर एनपीएसमध्ये जास्त मिळालं असतं, हे खरं आहे. ज्यांच्या डोक्यावर कर्ज नाही आणि सेवा पंधरा-सोळा वर्षंच होणार आहे, त्यांना मी वेगळा सल्ला दिला असता.

मन बदललंच तर दार बंद नाही. निवृत्तीच्या एक वर्ष आधीपर्यंत, म्हणजे तुमच्या बाबतीत २०३० च्या सप्टेंबरपर्यंत, एकदाच एनपीएसमध्ये परतता येतं. तेव्हा सरकारच्या हिश्श्यातला फरक, म्हणजे एनपीएसमधले चौदा आणि यूपीएसमधले दहा टक्के यांमधले चार टक्के, तुमच्या खात्यात जमा होतो. ज्यांनी ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत विकल्पच दिला नाही ते एनपीएसमध्येच राहिले, त्यांना उलटं येता येत नाही.

तोवर एकच काम करा. प्रान खात्याचं, म्हणजे तुमची पेन्शन वर्गणी जमा होते त्या खात्याचं, २००९ पासूनचं विवरण उतरवून घ्या आणि महिना-महिना पगारपत्रकाशी ताडून पाहा. तुमचा साठा ठरवून दिलेल्या साठ्यापेक्षा कमी भरला तर पेन्शनही त्या प्रमाणात कमी होते. बदलीच्या महिन्यात, बाळंतपणाच्या रजेनंतर आणि बिनपगारी रजेच्या आसपास वर्गणी सुटलेली असते. ती आत्ता सापडली तर भरून निघते, २०३१ मध्ये सापडली तर हेलपाटे.

सासऱ्यांना सांगा, तो मेसेज अर्धवट आहे. २०२५ च्या वित्त कायद्यात केंद्रीय पेन्शन नियम वैध ठरवणारा एक भाग आहे. त्यात निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांमध्ये फरक करण्याचा सरकारचा अधिकार कायम केलाय, तोही १ जून १९७२ पासून. मूळ भांडण सहाव्या वेतन आयोगाचं, २००६ च्या आधी निवृत्त झालेल्यांचं, आणि त्यात न्यायालयाचे निकाल सरकारच्या विरोधात गेले होते. मार्च २०२५ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत सांगितलं की यामुळे सध्याच्या नागरी पेन्शनमध्ये बदल होत नाही. आठव्या आयोगातून जुन्या पेन्शनरांना वगळल्याचा कोणताही आदेश या कायद्यात नाही.

तरी मला हा कायदा आवडलेला नाही. १७ डिसेंबर १९८२ ला नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे, आणि केवळ तारखेची रेघ मारून पेन्शनरांचे दोन भाग करता येणार नाहीत. पेन्शनर लोक १७ डिसेंबर हा दिवस पाळतात तो त्यामुळेच. ती रेघ मारायची मुभा आता कायद्यातच लिहिली गेली, आणि ती कशी वापरली जाईल याकडे संघटनांनी डोळ्यात तेल घालून पाहायला हवं. आठव्या आयोगाचं काम न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्याकडे आहे.

सासऱ्यांच्या बाबतीत मात्र मला दुसरीच शंका आली. २००४ ला साठाव्या वर्षी निवृत्त, म्हणजे २०२४ मध्ये त्यांना ८० पूर्ण झाली. केंद्राच्या नियमाने ज्या महिन्यात ८० पूर्ण होतात त्या महिन्याच्या १ तारखेपासून मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतं, ८५ ला ते ३० टक्के होतं. बँकेकडून पेन्शनची स्लिप मागून तो आकडा त्यात दिसतो का बघा. दिसत नसेल तर पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत आणि जन्मतारखेचा पुरावा जोडून लेखी अर्ज द्या, थकबाकी मिळते. आणि त्याच पीपीओवर सासूबाईंचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डासारखीच आहे ना, तेही पाहून घ्या.