पुढची कमान तीन इंच खाली घ्यायची आहे

प्रश्न : माझ्याकडे ट्रेलर ओढणारी लांब नाकाची, दहा चाकी गाडी आहे. पुढच्या एक्सलला एका बाजूला दहा पाट्यांची कमान, म्हणजे लीफ स्प्रिंग, आहे. नाक फार उंच दिसतं, म्हणून समोरून तीन इंच खाली बसवायची आहे. एक फिटर म्हणतो, दोन-दोन पाटे काढून टाकू. दुसरा म्हणतो, पाट्यांना हात नको, एक्सल आणि कमान यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालू. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नको, आणि ठोकळेवाल्याचं तर मुळीच नको. तुमच्या गाडीत कमान एक्सलच्या बीमवर, म्हणजे दोन चाकांमधल्या आडव्या दांड्यावर, बसलेली आहे. मध्ये ठोकळा घातला की चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वर जाईल, खाली येणार नाही. कमान एक्सलच्या खालून बांधलेली असते तेव्हाच ठोकळ्याने गाडी खाली येते. छोट्या गाडीवर पाहिलेली युक्ती त्याने तुमच्या गाडीवर लावायला घेतलेली दिसते.

पाटे काढण्याचा हिशेब कागदावर मांडा. दहातले दोन गेले की उरलेल्या प्रत्येकावर ताण सव्वापट. आज वजनाखाली कमान ८० मिलिमीटर दबत असेल, तर उद्या १०० दबेल. म्हणजे मिळाले २०. त्यात काढलेल्या दोन पाट्यांची जाडी मिळवा, १२-१२ची धरली तर २४. हवेत ७५, हातात आले ४४, आणि त्यापायी कमानीची पाचव्या हिश्श्याची ताकद गेली. एक्सल जागेवर धरून ठेवण्याचं काम मेन पाट्याचं, म्हणजे चॅसीला जोडलेल्या सगळ्यात लांब पाट्याचं, असतं. तो चालत्या गाडीत तुटला तर एक्सल एका बाजूने सरकतो, आणि मग स्टिअरिंग कितीही घट्ट धरा, गाडी जायची तिकडेच जाते.

तीन इंच हा आकडा तुम्ही नाकाकडे बघून काढलात. तो काढायचा बंप स्टॉपकडे बघून. ट्रेलर जोडा, माल भरा, गाडी सपाट जागी उभी करा आणि खाली जा. चॅसीला लटकलेलं ते रबर आणि एक्सल यांच्यामध्ये किती फट उरली आहे, ती मोजा. रबराचं टोक चकाकत असेल आणि खाली तेवढ्याच आकाराचा रंग उडालेला डाग असेल, तर गाडी आत्ताच खड्ड्यात धडकते आहे. अशा गाडीची कमान आणखी चपटी करायचा विचार सोडा. दुसरी फट ऑइल संपची, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याची. संप बीमच्या बरोबर वर असेल तर ही फट बंप स्टॉपच्या फटीपेक्षा मोठीच राहिली पाहिजे, नाहीतर रबर टेकायच्या आधी संप टेकेल. बीमवर ओल्या मातीचा उंच गोळा थापा, गाडी हळू एखाद्या उंचवट्यावरून न्या आणि परत खाली वाकून बघा. गोळा जेवढा उरला तेवढीच तुमची खरी जागा. फोटो काढून ठेवा, फिटरशी वाद घालताना उपयोगी पडतो.

आता करायचं काय? पहिली पसंती बीमला. बीमचा मधला भाग किंगपिनच्या (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिच्या) रेषेपेक्षा जेवढा खाली वाकवलेला असतो, त्याला ड्रॉप म्हणतात. साडेतीन इंच आणि पाच इंच अशा दोन्ही ड्रॉपचे बीम तयार मिळतात. साडेतीनच्या जागी पाचचा बसवला की दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर सुटले, आणि गंमत अशी की कमान, रबर, संप यांच्यातली एकही फट कमी होत नाही, कारण सगळं एकदमच खाली येतं. कमी होतं ते बीमचं जमिनीपासूनचं अंतर आणि मडगार्डमधली चाकाची जागा. उरलेला दीड इंच कमी वाकाच्या पण तेवढंच वजन पेलणाऱ्या नव्या कमानीतून काढा, तेही मघाची फट परवानगी देत असेल तर. जुने पाटे तापवून सरळ करून देणारे भेटतील. त्यांना हात जोडा. पाट्याचं पाणी उतरलं की तो नुसती लोखंडी पट्टी उरतो. बीमवर वेल्डिंगही नको.

मागची शॅकल, म्हणजे याच कमानीचं मागचं टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी, आखूड करण्याचाही सल्ला मिळेल. १४०० मिलिमीटरच्या कमानीची शॅकल २० मिलिमीटरने आखूड केली तर गाडी एक्सलपाशी उतरते फक्त १०, पण कास्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, पाऊण अंशाहून जास्त कमी होतो. त्यात पाच मीटर व्हीलबेसवर (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) नाक ७५ मिलिमीटर खाली गेल्याने आणखी पाऊण-एक अंश. चार अंशांचा कास्टर असा सव्वादोनवर आला की गाडी सरळ रस्त्यावर भटकते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही. तो भरून काढायला कमान आणि बीम यांच्यामध्ये पाचर घालतात. पाचरीची जाड बाजू मागे, दोन्हीकडे सारख्या मापाची. स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा म्हणजे ड्रॅग लिंक; तिचा कोनही बदलेल, त्यामुळे स्टिअरिंग वाकडं दिसेल. ते लिंकच्या लांबीवर जुळवायचं, पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सपासून लिंकपर्यंतचा हात) वाकवून नव्हे. लिंक फारच तिरपी झाली तर गाडी प्रत्येक खड्ड्यात आपोआप वळायला बघते. मग दुसऱ्या मापाचा आर्म लागतो.

हेडलाइट बहुतेक सगळे विसरतात. नाक खाली गेलं की झोतही खाली जातो. मीटरभर उंचीचा दिवा एक टक्का उतारावर लावलेला असेल तर झोत १०० मीटरवर जमिनीला टेकतो. तीन इंच उतरवल्यावर तोच ३७ मीटरच्या आसपास टेकेल. दिवे परत लावून घ्या. पुढे आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचं रडार असेल तर तेही.

कमान बीमला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच घ्या, ताणलेले जुने परत वापरायचे नाहीत. कोपऱ्या-कोपऱ्याने, टॉर्क पान्याने आवळा, आणि गाडी थोडी भरून चालवली की पुन्हा आवळा. काम सुरू करण्याआधी परिवहन खात्याची मंजुरी आणि विम्याचं कलम बघा. अनेक देशांत सस्पेन्शनमधला बदल कागदाशिवाय चालत नाही.

प्रश्न : मला गाडी फक्त उभी असतानाच खाली दिसायला हवी आहे. पुढे एअर बॅग, म्हणजे सस्पेन्शनच्या हवा भरायच्या रबरी पिशव्या, बसवल्या तर?

उत्तर : मग तोच मार्ग तुमचा. चालताना उंची मूळचीच राहते, वरची निम्मी डोकेदुखी वाचते. मात्र संपच्या फटीचं माप इथेही घ्या, कारण हवा सोडल्यावर अख्खं इंजिन बंप स्टॉपवर बसतं. केबिनमध्ये बॅगच्या दाबाचा काटा हवाच. हवा भरायच्या आधी गाडी हलली तर टायर मडगार्डला घासतं. आणि हवेची लाइन ब्रेकच्या टाकीवरून थेट काढू देऊ नका, मध्ये प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह टाकायला लावा. बॅग फुटली तर तो व्हॉल्व्ह बंद होतो आणि ब्रेकची हवा टाकीतच राहते.