सायकल प्रश्नोत्तरं : डार्टमूरच्या माळावर, गाड्यांशिवाय

प्रश्न : माझं वय 57. नोकरीतून मोकळी झाल्यापासून रोज सायकल चालवते. रविवारी यवतेश्वरचा घाट चढते, पण कासला जाणाऱ्या गाड्या इतक्या अंगावर येतात की अर्ध्यातून परत फिरावंसं वाटतं. जुलैमध्ये मुलीकडे इंग्लंडात एक्सेटरला जाणार आहे. तिथून जवळच डार्टमूर म्हणून डोंगराळ माळ आहे असं ती सांगते. मागे सामान लावून दोन-तीन दिवस, गाड्यांचा त्रास नसलेल्या वाटेनं तिथं फिरता येईल का? आणि चढ झेपतील का?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : ताई, फिरता येईल आणि चढही झेपतील. तुम्ही यवतेश्वर चढता, तेव्हा चढाची चिंता तुम्हाला कमीच. माझा मुलगा प्लिमथला शिकत होता तेव्हा मी त्या वाटांवर सायकल चालवली आहे. दुकानात कोणी टूरिंगचा विषय काढला की मी अजून डार्टमूरवरच जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डार्टमूर म्हणजे झाडं जवळपास नसलेला उंच माळ. आपल्या कासच्या सड्यासारखाच उघडा, वारा खाणारा. फरक इतकाच की आपल्याकडे खाली जांभा आहे आणि तिथं ग्रॅनाइट. माथ्यामाथ्यावर त्या ग्रॅनाइटचे उघडे ढिगारे उभे आहेत, त्यांना तिथं टोर म्हणतात. सगळ्यात उंच जागा हाय विलहेज, 621 मीटर. आकडा ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? पण तिथले साधे रस्ते ओढ्यात सरळ उतरतात आणि समोरच्या अंगाला तसेच सरळ वर चढतात. मागे दहा-बारा किलो सामान असेल तर असे चार चढ माणसाला थकवतात.

म्हणून तुम्ही रस्ता सोडा आणि जुन्या रेल्वेची वाट धरा. इंग्लंडात 1963 साली बीचिंग नावाच्या अधिकाऱ्याचा अहवाल आला आणि त्यानंतर तोट्यातल्या कितीतरी शाखा बंद झाल्या. ओकहॅम्प्टनवरून डार्टमूरच्या पश्चिम कडेनं जाणारा मार्ग 1968 मध्ये बंद पडला. रूळ निघाले, पण भराव, खोदलेली खिंड आणि पूल राहिले. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही. शंभर मीटरला दोन मीटरपेक्षा जास्त चढ रेल्वेवाले सहसा ठेवत नसत. डोंगराला वळसा घालायचा, नाहीतर तो कापायचा, दरीवर पूल टाकायचा, पण चढ कमी ठेवायचा. त्या मेहनतीचा फायदा आज सायकलवाल्याला मिळतो. मला त्या वाटेवर सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. डोंगर आजूबाजूला उभे असतात आणि पाय एका लयीत फिरत राहतात.

एका दिवसाची जा-ये करायची असेल तर ग्रॅनाइट वे करा. ओकहॅम्प्टन ते लिडफर्ड, 11 मैल, म्हणजे साधारण 18 किलोमीटर. एक्सेटरहून ओकहॅम्प्टनची नेहमीची रेल्वे 2021 च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली, आणि वाट स्टेशनालगतच सुरू होते. थोडं पुढे मेल्डनचा लोखंडी पूल लागतो. 1874 चा, दरीच्या तळापासून सुमारे 45 मीटर उंच. त्यावरून सायकल जाते. एका बाजूला मेल्डनचं धरण, त्यामागे माळाचा उंच भाग. इथं उतरून थांबा, घाई करू नका.

वाऱ्याचं मात्र ऐका. तिथं बहुतेक वेळा वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि ओकहॅम्प्टनहून लिडफर्डची दिशा नेमकी तीच. त्यामुळे जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर. एका दिवसाची जा-ये असेल तर हे चांगलंच, दमल्यावर वारा मदतीला येतो. पण सामान घेऊन पुढे जायचं असेल तर मी उलटं सुचवेन. एक्सेटरहून रेल्वेनं प्लिमथला जा आणि तिथून उत्तरेकडे निघा. पहिला टप्पा ड्रेक्स ट्रेल, प्लिमथ ते टॅव्हिस्टॉक, 21 मैल. प्लिम नदीच्या झाडीतून वाट हळूहळू चढत येल्व्हरटनला माळाच्या कडेशी येते. पुढे वॉकहॅम नदीवर जेम ब्रिज आहे, 2012 साली बांधलेला. जुना रेल्वेपूल पाडल्यावर तिथं पोकळी होती. फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी दोनशे मीटर लांबीचा पूल बांधायचा, हे पाहून मला खरोखर भरून आलं. टॅव्हिस्टॉकला मुक्काम करा.

दुसऱ्या दिवशी टॅव्हिस्टॉक ते लिडफर्ड. हा तुकडा सगळाच गाड्यांपासून मोकळा नाही, हे आधीच सांगतो. इथं लहान गावरस्त्यांवरून जावं लागतं. दोन्ही बाजूंना उंच बांध, मध्ये एका गाडीपुरती जागा आणि मध्येच खडे चढ. वळणावर घंटी वाजवा, चढ जास्त वाटला तर उतरून ढकला. लिडफर्डला पुन्हा रेल्वेची वाट मिळते, आणि वारा पाठीवर घेऊन ओकहॅम्प्टन. एकूण पासष्ट-सत्तर किलोमीटर. दोन दिवसांत आरामात होईल. रेल्वेत सायकलींची जागा मोजकीच असते, मुलीला आधी आरक्षण करायला सांगा.

अंगात जोर उरला तर तिसरा दिवस प्रिन्सटाउनसाठी ठेवा. येल्व्हरटनहून प्रिन्सटाउनला जाणारी शाखा 1956 मध्ये बंद झाली. प्रिन्सटाउनच्या बाजूनं तिचा बराच भाग सायकलनं करता येतो. ही खरी माळावरची वाट. गाव नाही, कुंपण नाही, मोकळी चरणारी घोडी आणि मेंढ्या. रेल्वेची जुनी वाट किंग्ज टोरला मोठा वळसा घालते. जवळच्या स्वेलटोर खाणीशी लंडन ब्रिजच्या रुंदीकरणासाठी 1903 साली घडवलेले आणि उरलेले ग्रॅनाइटचे तोडे अजून गवतात पडून आहेत. वाट खडबडीत आहे, बारीक टायर घेऊन जाऊ नका. अचानक धुकं उतरतं, तेव्हा जुलै असला तरी विंडचीटर आणि एक गरम कपडा पिशवीत वरच ठेवा.

एक नियम लक्षात असू द्या. तिथं पायवाटेवर सायकलला हक्क नाही, घोडवाटेवर आहे. 1968 च्या कायद्यानं तो दिला, पण चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. पिवळा बाण पायवाटेचा, निळा घोडवाटेचा. घोड्याच्या मागून जाताना लांबूनच बोला, घोडं बुजतं.

सायकलीचं म्हणाल तर पुढचं लहान चक्र 30 दात्यांच्या आसपास आणि मागचं मोठं 34 असलं की पुरे. जायच्या आधी दोन आठवडे यवतेश्वर रिकाम्या सायकलवर चढू नका. मागच्या दोन्ही पिशव्यांत तांदूळ भरा आणि मग चढा. सायकल कशी डोलते, उतारावर ब्रेक किती आधी धरावा लागतो, हे इथंच कळलेलं बरं.

प्रश्न : तशी गाड्या नसलेली वाट आपल्या भागात का नाही? कुठे जावं?
– एक वाचक, कराड

उत्तर : आपल्याकडे रेल्वे बंद पडून मोकळ्या झालेल्या लांब वाटा नाहीत. पण कालवे आहेत. तुमच्या जवळच खोडशीच्या बंधाऱ्यातून कृष्णा कालवा निघतो आणि सांगलीकडे जातो. पाणी उताराच्या कलानं जातं, म्हणून काठची वाट रेल्वेइतकीच सपाट. ऊस तोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टर भेटतील, बाकी वेळी गुरं आणि शेतकरी. मधूनच वाट तुटते, चिखल असतो, पण मोटारींच्या हॉर्नशिवाय तासभर जातो. काठच्या वाटा नीट केल्या, पुलांखालून सायकल जाईल एवढी सोय केली, तर सातारा-सांगलीला मिळणारा मार्ग परदेशातल्या कुठल्याही मार्गाच्या बरोबरीचा होईल असं मला मनापासून वाटतं. ग्रामपंचायतींनी आणि पाटबंधारे खात्यानं हे एकत्र बसून बोलावं.

डोंगर हवा असेल तर ठोसेघरवरून चाळकेवाडीचं पठार. आठवड्याच्या मधल्या दिवशी, उजाडताना निघा, पवनचक्क्यांच्या खाली तुम्ही आणि वाराच असतो. कासला फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवार टाळाच. आणि तिथं डांबर सोडून सड्यावर सायकल घालू नका. जांभ्यावर मातीचा थर बोटभर असतो, गेंदाची आणि सीतेच्या आसवांची फुलं त्याच्यावर जगतात. टायरचा एक चर पडला की पाणी तिथूनच वाहतं आणि माती घेऊन जातं.

प्रश्न : कालव्याच्या वाटेला कोणते टायर घ्यावेत?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : 35 ते 40 मिलिमीटर, मध्ये गुळगुळीत आणि कडेला थोडी नक्षी असलेले. हवा नेहमीपेक्षा जरा कमी ठेवा. बाभळीचे काटे फार आहेत, तेव्हा टायरच्या आत पंक्चर-पट्टी टाका आणि सोबत दोन ट्यूब असू द्या.