मोजो हा फ्रेंच हाउस ग्रुप एका हिटनंतर कुठे गायब झाला?

गायब म्हणजे लगेच नाही झाले, पण करिअर छोटंच राहिलं हे खरंय. मोजो म्हणजे पॅरिसचे दोघं, रोमँ ट्रांशार आणि यान देस्तान्योल, हाउस म्हणजे क्लबमधे वाजणारं डान्स म्युझिक करणारे. 2000 मधे त्यांचं 'लेडी' हे गाणं आलं, ब्रिटनमधे थेट एक नंबरला गेलं आणि युरोपभर क्लबमधे तेच वाजत होतं. त्यातला तो गिटारचा तुकडा शीक या अमेरिकन डिस्को बँडच्या 1982 च्या 'सूप फॉर वन' मधून घेतलाय, पण नुसता असा उचललेला तुकडा (सॅम्पल) पुन्हा पुन्हा वाजवून इतकं हळवं गाणं होत नाही, यानचा आवाज आहे म्हणून ते आजही अंगावर येतं.

पुढचं 'चिलिन' पण शीकच्याच सॅम्पलवर, चांगलं चाललं पण पहिल्याएवढं नाही. 2001 ला ग्रुपच्याच नावाचा अल्बम आला, तो एकच. मला तरी तो पूर्ण आवडतो, नुसतं हाउस नाहीये, रॉक आणि सोलकडे झुकणारी गाणी पण आहेत त्यात, आणि लोकांनी तो नीट ऐकलाच नाही याचं खरंच वाईट वाटतं. नंतर यान 'यान देस्ताल' या नावाने सोलो गायला लागला आणि 2004 ला त्याचा स्वतःचा अल्बम आला. 'लेडी' आवडलं असेल तर अख्खा अल्बम एकदा हेडफोन लावून ऐकाच.