सोनं जिथे पोचत नाही, तिथला रंग

तुमची अडचण मला समजली ती अशी: मिनिएचरला, म्हणजे युद्धखेळातल्या इवल्याशा सैनिकाला, काळ्या प्राइमरवर (रंगाआधीच्या पहिल्या थरावर) सोनेरीचे चार हात मारले तरी चिलखत हिरवट, मळकट दिसतंय, शिवाय खवल्यांमधल्या रेघा बुजायला लागल्यात. म्हणून दुसरी मिनिएचर पांढऱ्यावर रंगवलीत, तर ती बेगड चिकटवल्यासारखी दिसतेय. आणि आता याहून महागाची बाटली घ्यावी का, हा प्रश्न. घेऊ नका, निदान इतक्यात तरी. आधी खालचा रंग बदलून बघा.

सोनेरी अ‍ॅक्रिलिकमध्ये सोनं तर नसतंच, बहुतेक वेळा पितळही नसतं. असतात त्या अभ्रकाच्या बारीक चकत्या, त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप, आणि सोबत थोडा पिवळा-तपकिरी रंग. चकत्या माशाच्या खवल्यांसारख्या आडव्या पडल्या की चमक येते. पण त्या अर्धपारदर्शक असतात आणि त्यांच्यामध्ये फटी राहतात. एका हातात आपण लावतो ती खरं तर चाळण, आणि चाळणीतून खालचं सगळं दिसतं. काळ्यावर पिवळ्याचा विरळ थर बसला की शेवाळी छटा येते. पटत नसेल तर साधा काळा आणि पिवळा पॅलेटवर कालवून बघा, हिरवट होतो. पांढऱ्यावर वेगळाच घोळ. चकत्यांमधून आरपार गेलेला प्रकाश पांढरा पृष्ठभाग परत पाठवतो, मग चकाकणारी आणि न चकाकणारी जागा यांतला फरकच मरतो, आणि फरक मेला की धातू धातूसारखा दिसत नाही.

मी हे शिकले ते वेंधळेपणातून. दहा सैनिकांची तुकडी रंगवत होते, सहाव्याला काळा स्प्रे संपला. उरलेल्या चौघांना हाताशी होता तो तपकिरी रंग ब्रशने फासला. म्हटलं, सोनेरीखाली कोण बघतंय! सगळ्यांना एकाच बाटलीतल्या सोनेरीचे दोन-दोन हात. वाळल्यावर ओळीत उभे केले, तर सहा जण काळवंडलेल्या पितळेचे आणि चौघे उन्हात उभे असल्यासारखे. गंमत म्हणजे त्या चौघांच्या काखेत, ढालीच्या मागे, पट्ट्याखाली मी भरपूर जागा सोडून दिल्या होत्या. त्या नजरेलाच आल्या नाहीत, सावली वाटल्या. काळ्यांवर मात्र सुटलेला प्रत्येक ठिपका ओरडून सांगत होता.

तेव्हापासून अस्तर, म्हणजे सोनेरीखालचा रंग, निवडताना मी एकच गोष्ट ठरवते: ब्रश जिथे पोचणार नाही, तिथे काय दिसलेलं चालेल? वरच्या सोन्याची छटा वॉशने (खाचांत उतरणाऱ्या पातळ रंगाने), हायलाइटने (उठावांवरच्या उजळ रंगाने) नंतर वळवता येते. खाचेत राहिलेला रंग मात्र तसाच राहतो.

यात माझं नवीन काही नाही. चौकटींवर आणि लाकडी मूर्तींवर सोन्याचा वर्ख चढवणारे युरोपातले कारागीर वर्खाखाली बोल नावाच्या मऊ मातीचा लेप देत आले आहेत. लाल बोलवर सोनं ऊबदार दिसतं, आणि वर्ख झिजला की खालून लाली डोकावते. कोरीव कामाच्या खोल खाचांत, जिथे वर्ख नीट बसतच नाही, तिथे पिवळा लेप देण्याची पद्धत होती. सुटलेली जागा लांबून सोन्यातच खपून जाते. अख्खी युक्ती तीच, आपल्याला फक्त ती अठ्ठावीस मिलिमीटरच्या माणसावर करायची आहे.

तुमच्या चिलखताला मी डोळे मिटून लालसर तपकिरी सांगेन. सिटाडेलचा मॉर्नफँग ब्राऊन किंवा त्याच्या आसपासचा कुठल्याही कंपनीचा रंग. दोन पातळ हातांत सोनेरी झाकून बसतो, रेघा बुजत नाहीत. चिलखत जुनं, लढाया पाहिलेलं हवं असेल तर अजून गडद जा, राइनॉक्स हाइडसारखं. विटकरी किंवा गेरूच्या छटेवर सोनं तांबूस, राजेशाही होतं, पण भडक लाल नको. खवल्यांच्या फटीत तो जखमेसारखा दिसतो. मी एका सरदाराचं असं केलंय, बिचारा चिलखतासकट सोललेला वाटतो.

पिवळ्याचं, म्हणजे पिवडीसारख्या मातकट पिवळ्याचं, मला विशेष कौतुक आहे. सगळ्यांत जास्त झळाळी याच्यावर येते आणि बऱ्याचदा एका हातात भागतं. बकल, झेंड्याची किनार, तलवारीची मूठ, बोटांतल्या अंगठ्या, अशा बारीकसारीक जागांना आधी पिवळा देऊन टाका, मग सोनेरी. फक्त सावली आपली आपण आणावी लागते, पिवळा ती देत नाही. म्हणून अख्ख्या चिलखताखाली मी तो लावत नाही.

जांभळ्याचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईलच. पिवळ्याच्या विरुद्ध रंग म्हणून सावली खोल जाते, हे खरं. पण विरळ सोनेरीखाली तो चमकही खातो, दोन हातांनंतरही सोनं मातट राहतं. मला जांभळा अस्तरापेक्षा शेवटी, पाणी केलेला आणि फक्त खाचांत सोडलेला आवडतो. खाली चंदेरी देऊन वर पिवळसर तपकिरी वॉश मारणं हा आणखी एक मार्ग. चंदेरी रंग सहसा चांगले झाकतात, त्यामुळे काम भराभर होतं. सोनं जरा थंड, फिकट येतं, आणि खेळताना बोटांचा घासा लागून कडेला चांदी उघडी पडते.

काळ्याला मी बाद केलेलं नाही. साखळ्यांचं चिलखत असेल तर काळ्यावर सोनेरी ड्रायब्रश करण्यासारखं, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उठावांवर घासण्यासारखं, सोपं काही नाही, कड्यांमधला अंधार आयता मिळतो. सलग पत्र्याच्या चिलखताला तो नको, एवढंच.

बाटल्यांमध्ये फरक असतो, तोही ध्यानात ठेवा. सिटाडेलचा रेट्रिब्युटर आर्मर दाट आहे, त्याच्याखाली काहीही असलं तरी तो निभावून नेतो. ऑरिक आर्मर गोल्ड पातळ, त्याला खालचा रंग लागतोच लागतो. व्हायेहोचे लिक्विड गोल्ड अल्कोहोलमधले, झाकतात उत्तम, पण ब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्येच धुवावा लागतो. पाण्यात बुडवलात तर केसांत गुठळ्या होतात.

आता हाताची गोष्ट. अस्तर रंगाने बरोबर असूनही खरखरीत असेल तर सगळं वाया. स्प्रे लांबून मारला की थेंब हवेतच सुकतात आणि धुळीसारखे बसतात. अशा पृष्ठभागावर चकत्या आडव्या न पडता वेड्यावाकड्या पडतात आणि सोनं रवाळ दिसतं. नखाने हलकेच ओढून बघा, खर्र आवाज आला तर वर सोनेरी लावण्यात अर्थ नाही. दुसरं, सोनेरी नुसत्या पाण्याने फार पातळ करू नका. चकत्या वाहत जाऊन कडेला साचतात, मध्ये टक्कल पडतं. मेटॅलिक मीडियमचा (धातूरंगात मिसळायच्या द्रवाचा) एखादा थेंब बरा. ब्रश धुवायचं पाणीही वेगळं ठेवा, नाहीतर पुढच्या मिनिएचरच्या चेहऱ्यावर चकाकी दिसेल आणि ती कुठून आली हे शोधत बसाल.

अस्तर निवडण्याआधी, ज्या प्लास्टिकच्या चौकटीतून मिनिएचर कापून काढली त्या स्प्रूच्या तुकड्यांवर चार-पाच रंगांचे पट्टे ओढा आणि त्या सगळ्यांवरून तुमच्या बाटलीतला सोनेरी एकच हात आडवा न्या. वाळल्यावर दिव्याखाली तिरपं धरून फिरवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या कुठल्याही वर्णनापेक्षा ते जास्त सांगेल. वरून वार्निश मारणार असाल तर त्याच तुकड्यावर तेही बघा, मॅट वार्निश चमक मारतं. मी सोन्यावर मंद चमकीचं सॅटिन वापरते.

आता तुमच्या त्या दोन चिलखतवाल्यांचं. पांढऱ्यावरचा वाचतो. राइकलँड फ्लेशशेडसारखा लालसर तपकिरी वॉश सगळीकडून द्या, पूर्ण वाळू द्या, मग फक्त उठावाच्या भागांवर सोनेरीचा एक हात. पांढरं जिथे डोकावत होतं तिथे आता तपकिरी दिसेल. काळ्यावरच्याला पाचवा हात देऊ नका. रेघा बुजल्या असतील तर रंग उतरवून तपकिरीपासून पुन्हा सुरू करावं लागेल. मागच्या रांगेत उभा राहणारा असेल तर राहू दे तसाच.