एरर नाही, तरी उत्तर चुकीचं

प्रश्न: नमपायमध्ये (NumPy, पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) १०० खऱ्या किमतींतून मॉडेलचे १०० अंदाज वजा करून वर्गांची सरासरी काढली. उत्तर भलतंच आलं, एरर मात्र नाही. टाइप तपासणीत हे सापडलं नसतं का?

उत्तर: बहुधा एका ॲरेचा (आकड्यांच्या मांडणीचा) शेप, म्हणजे प्रत्येक मितीतली लांबी, (१००,) आणि दुसऱ्याचा (१००, १) आहे: एक साधी यादी, दुसरा १०० ओळींचा एक स्तंभ. नमपाय मिती उजवीकडून जुळवतं आणि जिथे १ असेल किंवा मितीच नसेल तिथे तेच आकडे पुन्हा वापरून ॲरे ताणतं. त्यामुळे वजाबाकीत १०० ऐवजी १०,००० फरक तयार होतात. सरासरी त्यांचीही निघतेच! आधी (१००, १) वाल्यावर रीशेप(-१) करा आणि दोन्ही शेप समान असल्याचं असर्ट (अट मोडली तर प्रोग्राम थांबवणारी ओळ) लिहा.

गंमत म्हणजे ‘जे’ (J) नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत हाच हिशेब बरोबर आला असता. तिथे मिती डावीकडून जुळतात, म्हणून निकाल (१००, १) राहतो. म्हणजे दोष ताणण्याच्या नियमाचा, आणि ‘फ्लोटचा ॲरे’ एवढंच सांगणाऱ्या टाइपला तो दिसत नाही.

फ्युथार्क (Futhark) या प्रोग्रामिंग भाषेत मात्र ॲरेची लांबी टाइपचाच भाग असते. दोन ॲरेंवर मॅप२ (जोडीजोडीने एकच क्रिया करणारं फंक्शन) चालवायचा तर दोघांची लांबी एकच ‘न’ हवी. नसेल तर कंपाइलर अडवतो. अडचण फिल्टरची, म्हणजे अटीत बसणारे घटकच ठेवणाऱ्या फंक्शनची. किती घटक उरतील हे चालवल्याशिवाय कळत नाही, म्हणून टाइप फक्त ‘कोणती तरी लांबी म’ म्हणतो. दोन वेगळ्या फिल्टरांचे निकाल झिप करायचे (जोड्या लावायच्या) तर लांबी सक्तीने जुळवून घ्यावी लागते, आणि ती तपासणी प्रोग्राम चालतानाच होते.