उत्तर: बोटीवर संसार थाटायचाय? आधी एक हिवाळा खाडीत काढा

तुमचा बेत मला कळला तो असा: पुण्यातला फ्लॅट विकायचा, पस्तीस-चाळीस फुटी शिडाची बोट घ्यायची, दोघांनी तिच्यावरच राहायचं. कोकणात हात बसला की लक्षद्वीप, अंदमान आणि पुढची बेटं. कोकण सरावाला बरं का, आणि दोघांचं जमेल का, हे तुमचे प्रश्न.

मी आणि नवरा, आम्ही असे चार हंगाम काढलेत, नोव्हेंबर ते मे, मांडव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत, अठ्ठावीस फुटी जुन्या बोटीवर. तेव्हा पहिलं म्हणजे फ्लॅट विकू नका. पावसाचे चार महिने या किनाऱ्यावर शिडाच्या बोटीला काम नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीसुद्धा बंद असते. बोट वर ओढून शाकारून ठेवायची आणि आपण घरी जायचं, पण त्यासाठी घर हवं ना! हंगामाच्या दोन्ही टोकांना वादळांची धास्ती असतेच. ‘फयान’ नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, ‘निसर्ग’ ३ जून २०२० ला. ऑक्टोबरात बोट पाण्यात उतरवायची घाई करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता बेटं. आपल्याकडे खांदेरी, पद्मदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे किल्ले, आणि वेंगुर्ल्यासमोरचे दीपगृहाचे खडक. बघायला सुरेख, पण रात्री नांगर टाकून निवांत झोपावं असं तिथे फारसं काही नाही. कोकणात राहायचं ते खाड्यांमध्ये: राजपुरी, जयगड, विजयदुर्ग. विजयदुर्ग माझं लाडकं. वारा कुठूनही येऊ दे, आत वाघोटनच्या खाडीत शिरलं की पाणी निजलेलं. आंग्र्यांनी आरमाराची गोदी तिथेच खडकात का खोदली, ते आत एक रात्र काढली की समजतं.

पण प्रत्येक खाडीच्या तोंडाशी वाळू असते, आणि दर पावसाळ्यानंतर ती सरकलेली असते. म्हणून शिडाच्या आधी भरती-ओहोटी शिका. आपल्याकडचा जुना हिशेब माहीत असेलच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला साधारण सव्वाअकरा. हा अंदाज, नेमकी वेळ तक्त्यात बघायची. मुंबईत उधाणाचं पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत तर खाडीतल्या भरती-ओहोटीतला फरक इतका कमी की नवशिक्या गाफील राहतो.

आम्हीही गाफील राहिलो. पहिल्या वर्षी आचऱ्याच्या खाडीत संध्याकाळी छान जागा बघून नांगर टाकला. शेजारून होडी वल्हवत चाललेले एक तांडेल, म्हणजे मच्छीमारांच्या होडीचे म्होरके, म्हणाले, “वैनी, हय टाकू नकात, सुकतीक बोट चिखलात बसतली.” सुकती म्हणजे ओहोटी. नवऱ्यानं मोबाइलवर पाण्याची खोली दाखवली. ते हसले आणि निघून गेले. रात्री दोनला कुकर घरंगळत आला, पाठोपाठ मी. बोट आडवी. पुढचे पाच तास आम्ही भिंतीवर बसून काढले, एक शब्द न बोलता. सकाळी तेच तांडेल भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आले. त्यानंतर आम्ही कुठेही शिरलो की आधी विचारतो, मग नांगर टाकतो. साखळी भरतीच्या खोलीच्या पाचपट तरी सोडा.

दोघांचं जमेल का, याचं उत्तरही नांगरापाशीच आहे. एक जण नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, दुसरा इंजिनपाशी, मध्ये वारा, आणि जेट्टीवर अख्खं गाव ऐकायला उभं. आमची सगळ्यात मोठी भांडणं याच वीस मिनिटांत झालीत. शेवटी हाताच्या पाच खुणा ठरवल्या आणि ओरडणं बंद केलं. दुसरं, दर आठवड्याला एक दिवस एकानं एकट्यानं एसटी पकडून कुठेतरी जायचं. अठ्ठावीस फुटांत रुसून बसायला दुसरी खोली नसते.

प्रत्यक्ष शिडावर जाणं त्या मानानं सोपं. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीवरून येतो. चारला निघालात तर किनारा डावीकडे ठेवून दक्षिणेला बोट सरळ पळते. दुपारी वायव्येचा वारा पाठीवर येतो. रत्नागिरी ते विजयदुर्ग साधारण २६ सागरी मैल, आमच्या बोटीला सहा तास. परत उत्तरेला येताना मात्र तोच दुपारचा वारा तोंडावर, म्हणून रात्रीच्या मतलईवर जेवढं जमेल तेवढं उरकायचं. अंधारात बिनदिव्याची जाळी असतात. बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं तर कापून पळून जाऊ नका, ते कुणाचं तरी पोट आहे.

पाणी दोघांना दिवसाला दहा लिटरात भागवायची सवय लावा. भांडी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटी गोड्या पाण्यानं विसळायची. कुळीथ पीठ, कोकम, तांदूळ भरपूर घ्या. फ्रिजचं वेड सोडा, सगळी बॅटरी तो खातो.

कागदपत्रं: नोंदणी मेरीटाइम बोर्डाकडे. सागरी पोलीस विचारणारच, फाइल हाताशी ठेवा. तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४ पाठ करा. लक्षद्वीपला आपल्यालाही परवाना लागतो.

मोठ्या बोटीच्या मोहात पडू नका. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’तून एकट्यानं जगप्रदक्षिणा करून आले, पण मागे नौदल होतं. तुम्हाला अठ्ठावीस-तीस पुरे, आणि शक्यतो जिचा तळ पाण्यात फार खोल जात नाही अशी, म्हणजे खाडीत वरपर्यंत जाता येईल.

जुनी बोट बघायला गेलात तर खालची फळी उचला. तळाशी पाणी असेल तर त्यात हाताचं बोट बुडवून चाखा. गोडं लागलं तर पाऊस वरून झिरपतोय किंवा टाकी गळतेय, दुरुस्त होईल. खारट लागलं तर आधी ते कुठून येतंय ते शोधा, किमतीचं बोलणं मग.