वाचकांचे प्रश्न : सुरक्षा परिषदेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष कोण?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या एका सराव पुस्तिकेत ‘संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या पहिल्या महिला अध्यक्ष’ या प्रश्नापुढे विजयालक्ष्मी पंडित यांचे नाव छापले आहे. मुलीच्या शिक्षकांनी ते चूक ठरवले, पण बरोबर नाव सांगितले नाही. ते कोणते?
— एक पालक, सातारा

उत्तर : शिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे. विजयालक्ष्मी पंडित 1953 मध्ये अध्यक्ष झाल्या त्या आमसभेच्या. पुढे 1962 ते 1964 या काळात त्या महाराष्ट्राच्या राज्यपालही होत्या, त्यामुळे त्यांचे नाव आपल्या ओठांवर चटकन येते, आणि प्रश्नसंच तयार करणाऱ्यांची गल्लत बहुधा तिथेच होत असावी. त्यांच्यानंतर आमसभेच्या अध्यक्षपदी आलेली दुसरी स्त्री म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाच्या अँजी ब्रुक्स, 1969 मध्ये. सुरक्षा परिषद ही आमसभेहून वेगळी संस्था आहे. तिचे अध्यक्षपद भूषवणारी पहिली स्त्री म्हणजे गिनी या देशाच्या झान मार्तां सिसे. नोव्हेंबर 1972 हा तो महिना.

प्रश्न : सिसे यांची त्या पदावर निवडणुकीने निवड झाली होती का? त्या मूळच्या शिक्षिका होत्या असे वाचले; शाळेत शिकवणारी बाई राजदूत कशी झाली, हे जाणून घ्यायला आवडेल.
— एक निवृत्त शिक्षिका, बार्शी

उत्तर : निवडणूक झाली नव्हती, आणि हे स्पष्ट सांगितलेले बरे. सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद सदस्य देशांकडे इंग्रजी वर्णानुक्रमाने एकेक महिना फिरते. नालाच्या आकाराच्या त्या टेबलाभोवती सदस्यही याच क्रमाने बसतात आणि महिना बदलला की सगळे एकेक जागा सरकतात, म्हणजे ज्याची पाळी त्याची खुर्ची मधोमध येते. 1972 आणि 1973 अशी दोन वर्षे गिनी परिषदेचा अस्थायी सदस्य होता. भारतही त्याच दोन वर्षांसाठी निवडून आला होता आणि वर्णानुक्रमात गिनीला लागूनच होता, त्यामुळे सिसे यांच्यानंतर डिसेंबरमध्ये अध्यक्षपद भारताकडे आले. तेव्हा तो मान अक्षरांच्या क्रमाने मिळाला हे खरे. पण त्या खुर्चीत बसण्यासाठी आधी संयुक्त राष्ट्रांत आपल्या देशाचा स्थायी प्रतिनिधी, म्हणजे राजदूत, असावे लागते, आणि परिषदेतल्या कोणत्याही देशाने तोवर स्त्रीला तिथे बसवलेले नव्हते.

आता शिक्षिकेविषयी. सिसे यांचा जन्म 1926 मध्ये मिलो नदीकाठच्या कांकान या शहरात झाला. गिनी तेव्हा फ्रेंचांची वसाहत होती. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतल्या मुलींना शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण देणारी एक निवासी शाळा सेनेगलमधल्या रुफिस्क येथे 1938 मध्ये निघाली होती. सगळ्या वसाहतींतून निवडक मुली तिथे येत. सिसे तिथे शिकल्या आणि 1945 मध्ये नोकरीला लागल्या. गिनीतल्या अगदी पहिल्या शिक्षिकांमध्ये त्यांची गणना होते. त्या शाळेचा हेतू वसाहतीला उपयोगी पडतील अशा मास्तरणी तयार करण्याचा होता, परंतु दूरदूरच्या मुली एका छताखाली आल्या की त्यांच्यात कोणत्या ओळखी जुळतील आणि पुढे त्यातून काय उभे राहील, हे शाळा काढणाऱ्यांच्या हातात राहत नाही. आपल्याकडच्या ट्रेनिंग कॉलेजांतून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीविषयी ज्यांना थोडीफार माहिती आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

थोड्याच काळात त्या आफ्रिकन लोकशाही संमेलन या पक्षात आल्या. काही वर्षे सेनेगलमध्ये राहून त्यांनी तिथल्या स्त्री संघटनेत काम केले. 28 सप्टेंबर 1958 रोजी फ्रान्सने आपल्या वसाहतींत सार्वमत घेतले, तेव्हा आफ्रिकेतल्या वसाहतींपैकी एकट्या गिनीने ‘नाही’ असा कौल दिला आणि 2 ऑक्टोबरला तो देश स्वतंत्र झाला. फ्रेंच अधिकारी जाताना कागदपत्रे आणि टेलिफोनसुद्धा उचकटून घेऊन गेले. रिकाम्या झालेल्या कचेऱ्यांत बसायला लिहिता-वाचता येणारी माणसे हवी होती आणि ती मोजकीच होती. सिसे यांच्यासाठी दारे उघडली त्यात त्यांच्या कर्तबगारीइतकाच या निकडीचाही वाटा होता, असे मला वाटते. त्या राष्ट्रीय विधानसभेत गेल्या. 1962 मध्ये दार-एस-सलाम येथे आफ्रिकी स्त्रियांची जी संघटना स्थापन झाली, तिच्या त्या सरचिटणीस झाल्या आणि 1974 पर्यंत त्या पदावर राहिल्या. न्यूयॉर्कला राजदूत म्हणून गेल्या तेव्हा त्या नवख्या नव्हत्या. स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात त्यांनी आधीच काम केलेले होते.

प्रश्न : एका महिन्याच्या अध्यक्षपदात काही ठोस घडले का, की नुसताच मान?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : हा प्रश्न गोव्यातून यावा हे योग्यच झाले. डिसेंबर 1961 मध्ये गोवा सोडावा लागल्यावरही पोर्तुगालने अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ आणि केप व्हर्दे यांवरचा ताबा सोडला नव्हता. त्यांपैकी गिनी-बिसाऊ सिसे यांच्या देशाला अगदी लागून आहे. तिथल्या मुक्तिलढ्याचे मुख्य ठाणे त्यांच्याच राजधानीत, कोनाक्रीत होते, आणि त्या रागापोटी 22 नोव्हेंबर 1970 रोजी पोर्तुगीज सैन्याने समुद्रामार्गे कोनाक्रीवर छापा घातला होता. बरोबर दोन वर्षांनी, 22 नोव्हेंबर 1972 रोजी, सिसे अध्यक्षस्थानी असताना परिषदेने 322 क्रमांकाचा ठराव संमत केला. पोर्तुगालने लष्करी कारवाया आणि दडपशाही थांबवावी आणि संबंधित पक्षांशी वाटाघाटी कराव्यात, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पोर्तुगालविरुद्धच्या ठरावावर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांच्यासह 6 देश तटस्थ राहिले होते. या वेळी 15 पैकी 15 मते ठरावाच्या बाजूने पडली. पोर्तुगालच्या मित्रराष्ट्रांनीही हात वर केला, ही त्या महिन्याची कमाई.

लिस्बनच्या पोर्तुगीज सरकारने अर्थातच ऐकले नाही. गिनी-बिसाऊच्या मुक्तिलढ्याचे नेते अमिल्कार काब्राल यांची दोनच महिन्यांनी, 20 जानेवारी 1973 रोजी, कोनाक्रीतच हत्या झाली. पोर्तुगालची वसाहती सत्ता मोडली ती एप्रिल 1974 मध्ये खुद्द पोर्तुगालच्या लष्कराने उठाव केल्यावर. सिसे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या वर्णद्वेषविरोधी विशेष समितीच्याही अध्यक्ष झाल्या.

प्रश्न : त्या पुढे मंत्री झाल्या असे वाचले. ज्या राजवटीत त्या मंत्री होत्या ती जुलमी होती ना? मग त्यांचे कौतुक कितपत करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : जुलमी होती, यात शंका नाही. 1976 मध्ये गिनीचे अध्यक्ष सेकू तुरे यांनी सिसे यांना मायदेशी बोलावून समाजकल्याण खाते दिले. देशाच्या मंत्रिमंडळातल्या त्या एक महत्त्वाच्या स्त्री. त्याच वर्षीच्या जुलैत दियालो तेली यांना अटक झाली. तेली म्हणजे संयुक्त राष्ट्रांतले गिनीचे माजी राजदूत, आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले महासचिव आणि अटकेच्या वेळी सिसे यांच्यासारखेच मंत्री. 1977 च्या सुरुवातीला बोइरो या तुरुंग-छावणीच्या कोठडीत अन्नपाण्यावाचून त्यांचा अंत झाला. त्याच साली 27 ऑगस्टला कोनाक्रीच्या बाजारातल्या विक्रेत्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. सरकारने खाजगी व्यापार बंद केला होता, आर्थिक पोलीस टोपल्या तपासत आणि माल ओढून नेत; पोटावर आलेला हा पाय बायांनी सहन केला नाही. मोर्चे इतर शहरांत पसरले आणि अखेर सरकारलाच माघार घ्यावी लागली. स्त्रियांच्या संघटनेतून वर आलेल्या सिसे त्या वेळी सरकारच्या बाजूच्या खुर्चीत होत्या, आणि 1984 पर्यंत त्या मंत्रिपदावर राहिल्या. न्यूयॉर्कमधली कामगिरी सांगताना ही 8 वर्षे झाकून ठेवणारे परिचय मला अपुरे वाटतात. अत्याचाराचे हुकूम त्यांनी दिले असे मी म्हणत नाही. परंतु त्या सरकारात त्या होत्या, आणि आपल्यासारख्याच माजी राजदूताचे काय झाले हे त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

मार्च 1984 मध्ये तुरे यांचे निधन झाले आणि आठवडाभरात, 3 एप्रिलला, लष्कराने सत्ता घेतली. जुन्या मंत्र्यांबरोबर सिसे यांनाही पकडण्यात आले आणि 13 महिने त्या कैदेत होत्या. सुटकेनंतर काही काळ त्या देशाबाहेर राहिल्या. 2009 मध्ये त्यांचे आत्मचरित्र फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले. 21 फेब्रुवारी 2017 रोजी कोनाक्रीत, वयाच्या 90 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

प्रश्न : त्यांच्या नावाचा उच्चार ‘जीन मार्टिन’ असा करावा का?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : ‘झान मार्तां सिसे’ हा फ्रेंचला जवळचा उच्चार आहे, तोच लिहावा. ‘जीन’ लिहिल्यास आणखी एक घोटाळा संभवतो : 1981 ते 1985 या काळात अमेरिकेच्या प्रतिनिधी म्हणून जीन कर्कपॅट्रिक सुरक्षा परिषदेत बसत, आणि सराव पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत त्यांचे नाव छापले जाण्याची भीती आहे.